धाकट्या जावेच्या अंगातली देवी

धाकट्या जावेचा मला मनापासून हेवा वाटायचा. नाशिकजवळ आमचा झेंडूचा मळा. पहाटे फुलं तोडायची मी, पाट्या भरायची मी, आणि घरी येऊन चहाही मीच टाकायची. ती बसून. तिला एमएस होता, मेंदू आणि मणक्यातल्या नसांचा आजार. पाय जड पडायचे, मधूनच नजर अंधुक व्हायची. सासूबाई तिची वेणी घालायच्या. दीर तिला उचलून ओट्यावर आणून बसवायचे. माझ्या नवऱ्यानं मला ‘दमलीस का’ असंसुद्धा कधी विचारलं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नवरात्रात आरती चालू असताना तिचा उजवा हात झटके द्यायला लागला, डोळे थिजले, मग सगळं अंगच. सासूबाईंनी तिला मळवट भरला. “आई आली हो,” म्हणाल्या. पुढच्या मंगळवारी परत तेच, आणि आसपासच्या मळ्यांतल्या बायका ओटी घेऊन यायला लागल्या. जिला घागर उचलत नव्हती, तिच्या पायांवर पाणी घालायला रांग. माझा नुसता जळफळाट. दोघी एकाच घरच्या सुना, मग देवीला हीच बरी सापडली?

साड्या मात्र मीच धुवायची. दर वेळी साडी ओली, जीभ चावलेली. देवी काही साडीत मुतत नाही, एवढं मला कळत होतं. पाय दाखवायला तिला शहरात नेलं, तेव्हा कोप होईल म्हणून सासूबाई गप्प बसल्या. मीच सगळं सांगितलं. तिची देवी उतरावी म्हणूनच सांगितलं.

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडापुढे धरली. “या आजारात मेंदूवर असे चट्टे पडतात. त्यानं काहींना फिट येते. सगळ्यांना नाही, पण इतर लोकांपेक्षा यांच्यात जास्त. चुलीपुढे आली असती म्हणजे?”

गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबल्या. बायका यायच्याही थांबल्या. मी खुशीत होते.

एका दुपारी दोघी हार ओवत होतो. ती म्हणाली, “ताई, तुम्ही बोलल्या ते बरंच झालं. पण बाया लय पाया पडायच्या हो. या पायांचा तेवढाच उपयोग होता.”