दोन बोटं माया

काकूंच्या शिलाईच्या दुकानात मशीनच्या वर, काचेच्या फ्रेममध्ये एक छोटा फ्रॉक लावलेला होता, तोही उलटा, आतली शिवण बाहेर. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "अहो काकू, घाईत उलटा लावलात की!"

काकूंना तो उलटाच हवा होता. त्या लहान असताना आईने तो त्यांच्यासाठी शिवताना आतल्या बाजूला दोन बोटं जास्तीचं कापड, म्हणजे शिंप्यांच्या भाषेत माया, सोडली होती. पोर वाढली की आई शिवण उसवायची आणि फ्रॉक सैल करायची. उसवलेल्या शिवणींच्या रेघा अजून दिसत होत्या. नव्या कापडाची ऐपत नव्हती, पण पोर कधी तंग कपड्यात हिंडली नाही.

तीच रीत काकूंनी पैशाला लावली. येईल त्या कमाईतलं थोडं आत दुमडायचं आणि उरेल तेच आपलं माप समजायचं. चिक्कू म्हणाल तर मुळीच नाही. मुलगी प्रत्येक सहलीला गेली. पण आत दुमडलेल्याला हात नाही म्हणजे नाही.

यजमान दुकानात कापड बेतायचे. तसूभर कापड वाया जाऊ द्यायचे नाहीत, पण खिसा कायम फाटका. कापड वाचवून पैसा उधळणारा शिंपी जगात हा एकच! महिनाअखेरीला विचारायचे, "अगं, काही शिल्लक?"

"खर्चायला नाही. माया आहे."

ते बिचारे लाजायचे. "ती आहेच गं. पण विजेचं बिल मायेने भरत नाहीत."

मग जागामालकाने दुकान विकायला काढलं. शेजारच्या रेडीमेडवाल्याला ते गोदामासाठी हवंच होतं. मालक म्हणाला, "काकू, पहिला हक्क तुमचा. शुक्रवारपर्यंत निम्मी रक्कम आणा, नाहीतर त्यांना देतो."

यजमानांच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांचं दुकान, दुसरीकडे कोण ओळखणार? त्यांनी हात टेकले आणि कात्र्या फडक्यात बांधायला घेतल्या.

"अहो, बांधाबांध कसली? माया आहे ना!"

"अगं बाई, मायेवर कोणी जागा देतं का?"

तेव्हा कुठे काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर माया सोडून कपडे बेतणारा हा माणूस भलतंच समजत होता! काकू पोट धरून हसल्या आणि त्यांना तसंच बँकेत घेऊन गेल्या. ड्राफ्ट हातात पडला तेव्हा यजमानांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला.

शुक्रवारी मालकही चाटच पडला. "बापरे! एवढी माया जमवलीत कधी?"

"जमवली नाही हो," काकू म्हणाल्या, "सोडली."

यजमान आधी खो खो हसले, मग त्यांना रडूच कोसळलं. काकूंना त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

दुकानात परतल्या तर रेडीमेडवाला टेप घेऊन रॅकसाठी भिंती मोजत होता. काकूंना बघून तो ओशाळला.

"थांबलात का? मोजा की," काकू म्हणाल्या. "मलाही रॅक करायचेच आहेत. आकडे तेवढे लिहून द्या."