सरळ बोलणारे खोत सर

जेवण आटोपून केतकी आडवी झाली आहे. कानात इयरफोन, फोन गालाखाली. रविवारी दुपारी ‘सावकाश’ भरतं. अडखळत बोलणाऱ्या माणसांची ही ऑनलाइन खोली. कुणी नागपुरातून येतं, कुणी दुबईतून, आणि नियम एकच: समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. खोली सुरू केली ती कणकवलीच्या खोत सरांनी. ते स्वतः असे अडायचे की नवख्याला वाटावं, लाइन गेली. गेल्या महिन्यात झटका येऊन ते गेले. त्यांच्याशिवाय खोली आज पहिल्यांदाच भरते आहे.

केतकी वर्षभर येते, पण बोललेली नाही. तिथं तिनं ‘मोगरा’ हे नाव घेतलं आहे. स्वतःचं नाव तिला सांगताच येत नाही, ‘के’पाशीच घसा बंद होतो. लॅबमधल्या नोकरीची मुलाखत आली तेव्हा घाबरून तिनं खोलीत लिहून विचारलं होतं, काय करू? सरांनी लगेच लिहिलं होतं की नाव अडलं तर ढकलू नका, त्याच्याजवळ बसून राहा. नोकरी मिळाली. तरी दर रविवारी शेवटी सर विचारायचे, मोगरा आज बोलणार का, आणि ती टाइप करायची, पुढच्या वेळी.

आता हेमंत बोलतो आहे. सरांच्या जागी आजपासून तोच. त्याच्या दोन शब्दांमधलं अंतर लांबत जातं. पंखा फिरतो. अंतर एवढं लांबतं की त्यातून चालत जाता यावं, आणि केतकी चालू लागते.

एसटी स्टँड आहे. चौकशीच्या खिडकीशी रांग, आणि रांगेत पहिली तीच. खिडकीला तिच्याच स्वयंपाकघरातला पडदा लावलेला. आत खोत सर बसले आहेत. तिनं त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नाही, गोल चौकटीतला चष्मा लावलेला फोटो तेवढा पाहिलाय. पण हे तेच.

“या, मोगरा,” ते म्हणतात. “जेवलात?”

आवाज त्यांचाच. पण वाक्य पाण्यासारखं वाहत येतं, मध्ये एक खडा नाही. सर तर गेलेत, हे केतकीला तेव्हा आठवतं.

“स-सर, तुम्ही सरळ बोलताय.”

“तिकडं सगळेच सरळ बोलतात. पटापट. कुणी कुणासाठी थांबत नाही.” ते कट्ट्यावरची धूळ तळहातानं पुसतात. “करमत नाही हो.”

केतकीला धक्का बसतो. सर निदान या जाचातून सुटले, असं मनाशी म्हणून तिनं महिनाभर स्वतःची समजूत घातली होती.

मागून कुणीतरी रेटतं. ती वळते तर मागे रांग नाही, बाकं आहेत, तिचा सातवीचा वर्ग. खिडकीच्या जागी टेबल, आणि सर हजेरी घेताहेत. ते म्हणतात, “तुमचं खरं नाव मला कधी कळलंच नाही.”

ती तोंड उघडते. के. के. के. घसा मिटतो. वर्ग हसेल म्हणून ती थांबते, पण कुणी हसत नाही. सर पुढे वाकून ऐकताहेत, तहानलेल्यानं घागर बुडताना ऐकावी तसे. ती त्या अक्षराजवळ बसून राहते. मग नाव येतं, आडनावासकट.

जाग येते. पंखा तसाच. कानात मात्र चिडीचूप. नेट गेलं असावं, म्हणून ती फोन उचलते.

तिचा माईक चालू आहे. गालाखाली दाबला गेला असणार. बाकी सगळ्यांचे बंद. खोली भरलेली आहे आणि एकूण एक माणूस गप्प बसून ऐकतो आहे.

“क-केतकी,” हेमंत म्हणतो, “होऊ द्या त-तुमचं. आम्ही आहोत.”

केतकीचं बोट माईक बंद करायला जातं, तेवढ्यात एका बाईंचा आवाज येतो. त्या मालती खोत. आपले हे रविवारी दार लावून कुणाशी बोलत असत, ते बघायला त्या आज पहिल्यांदा आल्या आहेत. त्या म्हणतात, झोपेत तुम्ही सर म्हणालात. मग तुमचं नाव तेवढं नीट कळलं, त्यांचं काहीच ऐकू आलं नाही. मग थांबून विचारतात, “ते अडखळत होते का हो?”

हो म्हणणं सोपं आहे. ‘हो’ तिला कधी अडत नाही.

“न-न-नाही,” केतकी म्हणते. “सरळ बोलत होते.”

मालतीबाईंचा श्वास तेवढा ऐकू येतो.

“पण क-क-” घसा मिटतो. या वेळी ती जागी आहे, आणि समोर वर्ग नाही, माणसं आहेत. शब्द काय असेल ते अर्ध्या खोलीला कळलं असणार. कुणी पुरा करत नाही. “क-क-करमत नाही म्हणाले. तिकडं कुणी थ-थांबत नाही.”

मालतीबाईंचा हसल्यासारखा, रडल्यासारखा आवाज येतो. “तिथंही कुरकुर आहेच म्हणायची,” त्या म्हणतात. “मग तेच होते.”

केतकीच्या गालावर फोनची कड खोल उमटली आहे. ती बोटानं चाचपते. माईक तसाच राहू देते.