भिंगबाईंचा डोळा

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या आत्याला सगळे भिंगबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही. लहानपणीच्या आजारात तिचा डावा डोळा गेला. त्यावरून लोकांनी तिला नको नको ते ऐकवलं. प्रयोगशाळेतल्या एकाच नळीच्या सूक्ष्मदर्शकापाशी मात्र तिचा थाट काही औरच! "इथे राजा आला तरी एकाच डोळ्याने बघणार," ती म्हणायची.

मुलांना सांगायची, "आधी चष्मेवाल्यांनी नळीत दोन भिंगं बसवली. पुढे एका कापडवाल्याने इवलंसं एकच भिंग घासलं, त्यातून पाण्याच्या थेंबात वळवळणारे जीव पाहिले. किती डोळे लागले? एक!" आणि दरडावायची, "नळी खाली आणताना बाजूने बघा. डोळा लावलात की फक्त वर न्या. नाहीतर काचपट्टीचा चुरा!"

निवृत्तीनंतर शाळेने तोच जुना सूक्ष्मदर्शक तिला दिला. मग उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू आला. ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. एकदा मात्र म्हणाली, "हाही गेला तर मी काय करू गं?"

शेवटी कशीबशी तयार झाली. पट्टी दुसऱ्या दिवशी घरीच काढायची होती. सकाळी हुकूम सुटला, "माझं यंत्र मांड. कांद्याचा पापुद्रा लाव. पहिलं तेच बघणार."

मी सगळं मांडलं. पट्टी काढली. डोळा घट्ट मिटूनच ती चाचपडत वाकली, नळीला डोळा लावला आणि उघडला.

"काळोख आहे," ती म्हणाली. अगदी हळू.

"नीट बघ ना, आत्या."

"काहीच नाही गं."

मी तिचा खांदा धरला. तिचा हात मात्र सवयीने काचपट्टी ठेवायच्या मंचाखाली गेला, नळीत उजेड पाडणाऱ्या आरशापाशी थांबला. तिने आरसा खिडकीकडे फिरवला.

"अगं गाढवे! आरसा भिंतीकडे करून ठेवलास? जीव घेतला असतास माझा!"

मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. ती स्क्रू हळूहळू फिरवत होती. "आल्या... पेशी आल्या. विटा रचल्यासारख्या. अगदी जागच्या जागी आहेत गं सगळ्या."

मग तिने मान वर केली. माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला.

"हलू नकोस," ती म्हणाली. "बघू दे मला."