बैठकीत उघडणारं दार

मानवतच्या आमच्या घरातलं न्हाणीघर जुनं होतं, भिंतींना शेवाळ धरलेलं. पण त्याचं दार परसात उघडायचं. अंघोळ झाली की ओल्या केसांनी मागच्या मागं स्वयंपाकघरात जाता यायचं.

गेल्या वर्षी ते नवं करायचं ठरलं. नवरा म्हणाला, "टाइल्स तुझ्या पसंतीच्या घे." मी हुरळून गेले. परभणीची दुकानं पालथी घातली, फिकट हिरव्या टाइल्स आणल्या, मोठा आरसा आणला. तेवढ्यात सासऱ्यांनी वास्तू बघणाऱ्याला बोलावलं. त्यानं होकायंत्र फिरवलं आणि परसातलं दार दोषाचं ठरवलं. मिस्त्रीनं ते बुजवलं आणि नवं दार काढलं ते थेट बैठकीत. मी बोलून बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "व्हईल सवय. घरचीच माणसं हायत की."

घरची माणसं म्हणे. सासऱ्यांच्या बैठकीत सकाळपासून अर्धं गाव असतं. मी आत असले आणि कुणी आलं की बसा तिथंच. गाऊनवर, डोक्याला पंचा गुंडाळून त्या पुरुषांमधून जायचं कसं? कापसाचा भाव, कुणाची सोयरीक, सगळं ऐकत मी बादली पालथी घालून बसायची. स्वतः निवडलेल्या टाइल्सचा मला वीट आला. रडू यायचं, पण हुंदका ऐकू जाईल म्हणून आधी नळ सोडायची.

एकदा सासूबाईच आत अडकल्या. वालूरचे पाहुणे ठाण मांडून बसलेले. थंडीचे दिवस, म्हातारं माणूस, आतून हूं की चूं नाही. मला राहवेना. पदर सावरून म्हणाले, "आत सासूबाई हायत. तुमी जरा बाहेर बाजंवर बसता का?" माणसं मुकाट उठली. सासरे माझ्याकडं बघतच राहिले. सासूबाई कुडकुडत बाहेर आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "लय बरं केलंस माय."

मला वाटलं, सुटलो आता आपण दोघी.

त्याच आठवड्यात मी सासूबाईंना सांगून अंघोळीला गेले आणि पुन्हा पाहुणे आले. चहा झाला, गप्पा रंगल्या. मी दाराला कान लावून उभी होते. सासूबाईंची पावलं बैठकीत आली. आता बोलतील, म्हणून मी कडीवर हात ठेवला.

"आणखी घोटभर घ्या की," त्या पाहुण्यांना म्हणाल्या. "काय घाई हाय?"