मंद्रूपला धाडलेला धाकटा

माझा थोरला भाऊ तालमीतला गडी. जत्रेतल्या कुस्तीसाठी त्याचं बदाम घातलेलं दूध घरात वेगळं ठेवलेलं असायचं, आणि आई त्यातलं अर्धं आमच्या धाकट्याला पाजून वर पाणी ओतायची. का, तर तो हडकुळा. जत्रेत थोरला पहिल्याच डावाला चितपट झाला. घरी येऊन बघतो तर धाकट्याच्या ओठावर साय. "तंगडीच मोडतो," म्हणाला. आईनं खरं सांगायचं सोडून धाकट्याला मागच्या दारानं काढलं आणि मंद्रूपला आपल्या भावाकडं धाडलं. "चार दिस ऱ्हा. त्याचा राग निवला की बोलावते."

पावसाळा उलटला. थोरल्याचा राग निवेना, आईचं तोंड उघडेना.

तेव्हा मिशनातली एक बाई आमच्या गल्लीत बायकांना स्वेटर विणायला शिकवायची. सोलापुरात स्वेटर कशाला लागतो देव जाणे, पण विणताना ती यहुद्यांच्या जुन्या शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. एकदा तिनं सुरू केलं. एका आईचे दोन मुलगे, थोरला दांडगा, धाकटा आईचा लाडका. थोरल्याच्या वाट्याचा बापाचा आशीर्वाद आईनंच युक्तीनं धाकट्याला मिळवून दिला. थोरला त्याच्या जिवावर उठला, तेव्हा तिनं धाकट्याला आपल्या भावाकडं लावून दिलं.

चोराच्या मनात चांदणं. आईच्या सुया थांबल्या. शेजारी बसलेल्या माझ्याकडं ती, चुगली मीच केल्यासारखी, बघायला लागली. "बाई, आमच्या घरचं तुमाला कुणी सांगितलं?"

बाई गांगरली. हे फार पुरातन आहे म्हणाली, तेव्हा कुठं आई सैल झाली. पुढं गोष्टीतल्या मामानं भाच्याला मेंढरं राखायला लावून आपल्या दोन्ही पोरी दिल्या, हे ऐकून तर खूशच झाली. आमच्यात मामाची पोरगी करायची रीतच आहे. "माजा भाऊबी तसलाच की. मोट हाकून घेतल्याबिगर पोरगी द्यायचा न्हाय."

सगळ्या हसल्या. मग आईनं विचारलं, "आन् आईला कवा भेटला?"

बाईनं पुस्तक चाळलं. तो वीस वर्षांनी परतला, भावानं त्याला मिठी मारली, सगळं होतं. "आई भेटल्याचं कुठं लिहिलेलं नाही," ती हळू म्हणाली.

आई तडक घरी आली. थोरला जेवत होता. त्याच्यापुढं बसून म्हणाली, "तुजं दूध मीच त्याला पाजत हुते. तंगडी मोडायची तर माजी मोड. पर त्याला घिऊन ये. मला त्याचं तोंड बगायचंय."

थोरल्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट उडतंय. पण त्यानं एवढंच विचारलं, "मग मी कुणाचा गं, आई?"

तो पटका बांधून मंद्रूपला निघाला, तेव्हा आई गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्यामागं अनवाणी चालत गेली.