पाणी द्यायचं नाही

अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या कामाचं प्रशिक्षण म्हणजे रक्त बघायची सवय, असं मला परभणीच्या वर्गात बसेपर्यंत वाटत होतं. रक्त लवकरच अंगवळणी पडलं. रबरी पुतळ्याची छाती दाबून मनगटं सुजली, तेही चाललं. भीती वाटायची ती सरांच्या एका वाक्याची. "बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही जाऊ द्यायचा नाही, तो फुप्फुसात उतरतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे तर माणूस पडला की आधी तांब्या धावतो, मग माणसं. जाणाऱ्याच्या तोंडात पाणी पडलं नाही, तर ते घर जन्मभर विसरत नाही. भावाला सांगितलं तर हसला, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस." तो दुकानात बसतो, त्याला बोलायला काय जातंय.

शेवटी शेवटी आम्हाला खऱ्या गाडीवर पाठवलं. एका दुपारी झरी गावाच्या पुढच्या शिवारातून फोन आला. कपाशीवर फवारणी करताना एक तरुण बांधावर कोसळला होता. बेशुद्ध, तोंडाला फेस. सोबतच्या अनुभवी तंत्रज्ञांनी त्याचा भिजलेला सदरा कापला, तोंड साफ केलं, ऑक्सिजन लावला. गाडीत मी त्याला कुशीवर धरून बसले. मागून त्याची आई चढली, हातात तांब्या.

"लेकराच्या तोंडात दोन थेंब टाकू दे, माय."

"आता न्हाई, मावशी. ठसका लागंल त्याला."

"अन् तसाच गेला म्हंजी? कोरड्या तोंडानं?"

तिचा हात पुढे आला. मी तो मनगटाशी धरला. सरांचं खरंच होतं, पण हा वाटेत गेला तर तिला जन्मभर माझं तोंड आठवणार होतं, सरांचं नाही. एकदा वाटलं, सोडून द्यावा हात, निदान शिव्याशाप तरी चुकतील. परभणी येईपर्यंत सोडला नाही. निम्मं पाणी माझ्या मांडीवर सांडलं.

दवाखान्यात त्याला आत नेलं. ती बाहेर बाकड्यावर बसली, तांब्या पदराखाली धरून.

"आता देऊ का?"

मी आत जाऊन विचारून आले. त्याच्या घशात नळी घातली होती. डॉक्टर म्हणाले, इतक्यात काही नाही. मी बाहेर येऊन सांगितलं, "अजून न्हाई, मावशी." थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा जाऊन आले. त्यानंतर मात्र मला त्या दाराचीच धास्ती बसली. या खेपेला डॉक्टर 'द्या आता, शेवटचं' म्हणाले तर?

तिनं परत विचारलं तेव्हा मी चिडलेच. "सारखं काय इचारता? नको म्हनलंय ना त्यांनी."

"तू न्हाई म्हनतीस तवर हाय तो," ती म्हणाली. "जा, इचारून ये."

मी उठले आणि आत गेले.