माझ्या मुठीतला नवरा

इथे जपानमध्ये नवऱ्याच्या ऑफिसची सहल होती, सगळे सहकुटुंब गेलो होतो. त्याचे जपानी साहेब माझ्यासमोर डबा उघडून बसले आणि हसत, जपानीत ‘वहिनी’ अशी हाक मारून, पुढे इंग्रजीत म्हणाले, “ओक्सान, युअर हजबंड इज अंडर युअर थंब.” बोलताना त्यांनी डब्याच्या झाकणावर अंगठा दाबूनही दाखवला.

मीही हसले. बायकोच्या मुठीतला नवरा म्हटलं की चारचौघांत हसायचंच असतं. पण परतीच्या ट्रेनमध्ये शंकेची पाल चुकचुकायला लागली. पाच वर्षांत या माणसाने माझ्या सांगण्यावरून मोजेसुद्धा जागेवर ठेवलेले नाहीत. मग ऑफिसात हा माझ्या नावावर काय खपवतोय?

“साहेब असं का म्हणाले रे?”

“काही नाही गं, त्यांना इंग्लिश बोलायची हौस आहे,” तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

मला पटलं नाही. फोन आला की तो हल्ली बाल्कनीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. विचारलं की म्हणायचा, क्लायंट. रविवारी कसला क्लायंट? त्याच आठवड्यात मला घराजवळच्या फुनाबोरी भागातल्या एका पाळणाघरात नोकरी मिळाली होती. एप्रिलपासून रुजू व्हायचं होतं. दोन वर्षं रोज जपानी अक्षरं गिरवली होती, त्याचं चीज झालं होतं. त्याला सांगितलं, तर “अरे वा” म्हणाला आणि फ्रीज उघडून नुसताच उभा राहिला.

आमच्याकडे गुरुवारी सकाळी रद्दी जाते. गठ्ठा बांधून खाली नेऊन ठेवणं माझं काम. कोणता कचरा कोणत्या वारी, हे त्याला आजतागायत माहीत नव्हतं. त्या गुरुवारी उठून पाहते, तर गठ्ठा दारात तयार. दोरीला तीन गाठी. तो आंघोळीला गेला होता. मी कात्री आणली.

पिझ्झाच्या जाहिरातींमध्ये एक घडी घातलेला कागद निघाला. भाड्याचं घर मार्चअखेर सोडत असल्याच्या अर्जाची प्रत, खाली त्याची सही. त्याला जपानी वाचता येत नाही. ऑफिसातल्या कोणाकडून तरी भरून घेतला असणार. मला वाचता येतं. कारणाच्या रकान्यात सुबक अक्षरांत लिहिलं होतं: मायदेशी परत जाणे, पत्नीची इच्छा.

साहेबांनाही हेच सांगितलं होतं तर.

पाच वर्षांत माझी इच्छा त्याने एकदाही विचारली नव्हती. इथे ती लिहून, सही करून, पाठवूनही झाली होती. आत नळ बंद झाला. मी कागद हातात धरून बाथरूमच्या दाराशी उभी राहिले.